शिवारातील शिकारी आणि दोन कार्यालयांमध्ये अडकलेला शेतकरी

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

खरिपाची बाजरी आणि मका निघून शिवार मोकळे होऊ लागले, की नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागात मळ्यांवर आणि वस्त्यांवर राहणाऱ्या कुटुंबांचा एक जुना त्रास दरवर्षी नव्याने सुरू होतो. अंधाऱ्या पंधरवड्यात रात्री उशिरा अनोळखी जीपगाड्या आणि मोटारसायकली पाणंद रस्त्याने आत येतात, बांध ओलांडून थेट पिकात शिरतात, प्रखर दिव्यांचे झोत रानभर फिरू लागतात आणि थोड्या वेळाने बार ऐकू येतो. ससे, तितर, लावे, मोर, रानडुकरे आणि जिथे हरणे आहेत तिथे काळवीट, यांच्यासाठी ही मंडळी येतात. जमीन कोणाची, पीक कोणाचे, जवळच्या खोपीत कोण झोपले आहे, याची चौकशी करण्याची त्यांना गरज वाटत नाही. शिकारीविषयी वर्तमानपत्रांतून जे छापून येते ते बहुधा अभयारण्ये, राखीव वने आणि वनखात्याची कारवाई यांच्या संदर्भातील असते. मालकीच्या शेतात घुसून होणाऱ्या शिकारीविषयी, आणि त्यात जमिनीच्या मालकाच्या वाट्याला काय येते याविषयी, फारसे लिहिले जात नाही. म्हणून हे पत्र.

ज्यांचा शेतीशी रोजचा संबंध नाही त्यांना वाटेल, की रात्री शेतात असतेच कोण? वस्तुस्थिती अशी आहे, की कृषिपंपांची वीज आठवड्यातील काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते, आणि रात्रीची पाळी असली की कांद्याला, गव्हाला, हरभऱ्याला पाणी भरण्यासाठी शेतकऱ्याला कडाक्याच्या थंडीत, बिबट्याची धास्ती मनात बाळगून, रानात जावेच लागते. (सर्वांना दिवसा वीज देण्याच्या घोषणा आम्ही अनेक वर्षे ऐकत आहोत, सौर कृषी वाहिनीची वीज काही गावांना मिळू लागली आहे, पण रात्रीची पाळी अजून पुरती संपलेली नाही.) शिकाऱ्याला झोतात दिसतात ते फक्त चमकणारे डोळे किंवा हलणारी सावली. तिच्यामागे उभ्या मक्याच्या आड डोक्याला बॅटरी बांधून दारे धरणारा माणूस आहे की नाही, हे बार टाकणाऱ्याला कळण्याचा काहीही मार्ग नसतो. आमच्याकडील बायका-मुले रात्रीच्या पाण्यावर सोबतीला येतात, कारण एकट्याने जाणे आता सुरक्षित राहिलेले नाही, आणि बंदुकीचा धोका बिबट्यापेक्षा वेगळा आहे हे त्यांनाही समजते.

नुकसान निराळेच. गाडीची चाके ठिबकच्या नळ्यांवरून जातात, नुकतीच लागवड केलेल्या कांद्याचे वाफे तुडवले जातात, द्राक्षबागेच्या कडेचे ताण आणि तारा तोडून वाट काढली जाते. सशामागे सोडलेली शिकारी कुत्री वस्तीवरच्या शेळ्या-करडांवर तुटून पडतात. बाराच्या आवाजाने दावणीची जनावरे दावी तोडतात. जखमी होऊन पळालेले सावज कठडा नसलेल्या विहिरीत पडून मरते, आणि मग पिण्याचे पाणी वाया जाऊन विहीर उपसण्याचा खर्च शेतकऱ्याच्या माथी येतो. यांपैकी कोणत्याही नुकसानीची भरपाई शासनाकडे मागता येत नाही. कारण ते ना नैसर्गिक आपत्तीत बसते, ना वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीत.

परंतु माझ्या या पत्राचा मुख्य मुद्दा नुकसान हा नाही. मुद्दा आहे तो तक्रारीचा. अशा प्रसंगानंतर मी तक्रार घेऊन गेलो असता पोलीस ठाण्यात मला सांगण्यात आले, की शिकारीचा विषय वनखात्याचा आहे, तुम्ही तिकडे जा. वनखात्याच्या कार्यालयात गेलो असता तेथे विचारणा झाली, की जागा वनहद्दीतील आहे का. आणि गट नंबर पाहून, जागा मालकीची असल्याने लोकांना आत येऊ न देण्याचे काम पोलिसांचे आहे, असे उत्तर मिळाले. दोन्ही ठिकाणची माणसे सौजन्याने बोलली, चहाही विचारला, परंतु कागदावर एक ओळही उतरली नाही. आमच्या भागातील इतर शेतकऱ्यांशी बोलल्यावर हाच अनुभव थोड्याफार फरकाने सर्वांचा असल्याचे लक्षात आले. परिणामी लोकांनी तक्रार करणेच सोडून दिले आहे, आणि तक्रारी नाहीत म्हणून या भागात शिकार होत नाही असा निष्कर्ष काढण्यास कार्यालये मोकळी आहेत.

यासंदर्भात कायदा काय सांगतो ते पाहणे आवश्यक आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या नवव्या कलमातील शिकारबंदी जमिनीच्या मालकीवर अवलंबून नाही. प्राणी संरक्षित असेल, तर तो राखीव वनात मारला काय, गायरानात मारला काय किंवा माझ्या गटात मारला काय, गुन्हा तोच आहे. पूर्वी परवाना काढून काही प्राण्यांची शिकार करता येत असे. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, अनुसूचींची, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या याद्यांची, फेरमांडणी झाली असून प्राण्यांसाठी आता दोन अनुसूची आहेत. काळवीट, मोर, घोरपड, बिबट्या हे पहिल्या अनुसूचीत असून त्यांच्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. ससा, तितर, रानडुक्कर हे दुसऱ्या अनुसूचीत आहेत, आणि त्यांच्यासाठीही ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘साधा ससाच तर मारला’ असे जे सहज म्हटले जाते, त्याला कायद्यात आधार नाही. शिवाय अधिनियमातील शिकारीच्या व्याख्येत प्रत्यक्ष मारण्याबरोबरच फास किंवा जाळे लावणे, आमिष ठेवणे, प्राण्यांना हाकून आणणे, पक्ष्यांची अंडी व घरटी नष्ट करणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हेसुद्धा येते. म्हणून बंदूक, दिवा आणि जाळी घेऊन रात्री माझ्या रानात पकडला गेलेला मनुष्य ‘आम्हाला काही मिळालेच नाही’ असे सांगून सुटू शकत नाही. निदान सुटता कामा नये.

आता अधिकार कोणाचा, हा प्रश्न. अधिनियमाच्या ५० व्या कलमाने वाहन थांबवणे, झडती घेणे, हत्यारे व मुद्देमाल जप्त करणे आणि संशयिताला अटक करणे हे अधिकार वनाधिकाऱ्यांना जसे दिले आहेत तसेच उपनिरीक्षक आणि त्यावरील दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यांनाही दिले आहेत. न्यायालयात खटला मात्र ५५ व्या कलमानुसार वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याच्या तक्रारीवरूनच उभा राहतो. खाजगी व्यक्तीला तो दाखल करावयाचा झाल्यास ६० दिवसांची नोटीस आधी द्यावी लागते. माझ्या समजुतीप्रमाणे पोलिसांच्या ‘आमचा विषय नाही’ या उत्तराचे मूळ येथे आहे, आणि ते अर्धेच खरे आहे. खटला दाखल करणे हे वनखात्याचे काम असले, तरी रात्री दोन वाजता गाडी अडवणे, बंदूक जप्त करणे आणि माणसे ताब्यात घेऊन वनाधिकाऱ्यांना बोलावणे यात पोलिसांना कोणतीही आडकाठी नाही. वनरक्षकाच्या बीटमध्ये, म्हणजे त्याला नेमून दिलेल्या क्षेत्रात, अनेक गावे असतात, त्याच्याजवळ शस्त्र नसते, बहुतेक वेळा वाहनही स्वतःचेच असते. बंदूकधारी टोळीसमोर त्याने एकट्याने उभे राहावे अशी अपेक्षा धरणे हे त्याच्या जिवाशी खेळणे होय.

दुसऱ्या बाजूने, मालकीच्या जमिनीत शिरण्याचा गुन्हा पूर्णपणे पोलिसांच्या कक्षेतील आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२९ व्या कलमात फौजदारी अतिक्रमणाची तरतूद आहे: एखादा गुन्हा करण्याच्या किंवा जमीन कब्जात असणाऱ्याला धमकावण्याच्या, त्रास देण्याच्या हेतूने दुसऱ्याच्या जागेत प्रवेश करणे, किंवा रीतसर प्रवेश करून नंतर अशा हेतूने तेथे थांबून राहणे. त्यासाठी ३ महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जुन्या दंड संहितेत हा दंड अवघा ५०० रुपये होता. रस्ता चुकून, गुराच्या शोधात किंवा पायवाटेने जाताना कोणी शेतात आला तर तो गुन्हा होत नाही, आणि होऊही नये. खेड्यातले जाणेयेणे एकमेकांच्या बांधावरूनच चालते. शिकारीचे मात्र तसे नाही. ज्या देशांत परवान्याने शिकार चालते तेथे शिकारी कायदेशीर असूनही जमीनमालकाची परवानगी न घेतल्यामुळे दोषी ठरू शकतो. आपल्याकडे शिकार हाच गुन्हा असल्याने, शिकारीसाठी शेतात ठेवलेले पहिले पाऊलच गुन्ह्याच्या हेतूने पडलेले असते. हेतू सिद्ध करण्यासाठी झोतदिवे, जाळी आणि बंदूक यांहून अधिक पुरावा कोणता हवा? त्यात बंदूक विनापरवाना असेल, तर शस्त्र अधिनियम, १९५९ खालील गुन्हाही पोलिसांनीच नोंदवायचा असतो.

म्हणजे एका रात्रीत, एकाच शेतात, एकाच टोळीने केलेले एकच कृत्य कायद्याच्या दृष्टीने दोन खात्यांत वाटले गेले आहे. ही वाटणी खात्यांच्या सोयीसाठी आहे. तिचा अर्थ दोन्ही खात्यांना अधिकार आहे असा व्हायला हवा; प्रत्यक्षात तो दोघांपैकी कोणावरच जबाबदारी नाही असा घेतला जातो.

येथे शेतकऱ्यांच्या बाजूचीही एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. सर्वच शिकारी न विचारता येतात असे नाही. रानडुकरांनी एका रात्रीत अर्धा एकर मका किंवा भुईमूग उकरून टाकल्यावर हताश झालेला शेतकरी स्वतःच कोणाला तरी निरोप धाडतो, ‘या आणि यांचा बंदोबस्त करा’ म्हणतो, आणि त्या बदल्यात वाटा मिळाला तर घेतोही. त्याचा राग मला समजतो. नुकसानभरपाईचा अर्ज, पंचनामा, मोजमाप आणि प्रतीक्षा यातून जे हाती पडते ते बियाण्याच्या खर्चालाही पुरत नाही, हे मी जाणतो. परंतु जमीनमालकाच्या परवानगीने शिकार कायदेशीर होत नाही. उलट बोलावणारा स्वतः गुन्ह्यात सहभागी ठरतो. आणि व्यवहारातही हा सौदा तोट्याचाच आहे. डुकरासाठी एकदा वाट दाखवलेली टोळी पुढच्या वेळी सशासाठी येते, त्यापुढच्या वेळी हरणासाठी, आणि तेव्हा ती विचारत नाही. ज्याने बोलावले त्याच्या बांधाला लागून असलेल्या, न बोलावलेल्या शेजाऱ्याच्या रानातही ती शिरते. पीक किंवा जीव यांना धोका निर्माण करणाऱ्या दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्याला मारण्याची लेखी परवानगी ११ व्या कलमाखाली मिळू शकते, आणि आपल्या राज्यात रानडुकरांसाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे अर्ज करण्याची व्यवस्था आहे. ती व्यवस्था कागदावर जितकी सोपी दिसते तितकी प्रत्यक्षात नाही, अर्जांचा निकाल वेळेवर लागत नाही, आणि तिच्यातील विलंबामुळेच माणसे आडमार्गाला जातात, हे वनखात्यानेही मान्य केले पाहिजे.

त्याहून घातक प्रकार तारेचा आहे. शेतीच्या लघुदाब वाहिनीवर आकडा टाकून जमिनीपासून वीतभर उंचीवर उघडी तार ताणायची आणि तिच्यात करंट सोडायचा, ही शिकारीची पद्धत आहे, आणि काही शेतकरी पीक राखण्यासाठीही ती वापरतात. या तारेला डुक्कर, कुत्रा, गाय आणि पहाटे परसाकडे निघालेला माणूस यांच्यात फरक करता येत नाही. आमच्यापैकी जे ही तार लावतात त्यांना शिकाऱ्यांविरुद्ध बोलण्याचा नैतिक अधिकार उरत नाही, हे मी माझ्या गावातही सांगत आलो आहे. डुकरासाठी लावलेल्या क्लच वायरच्या फासात बिबट्या अडकतो तेव्हा तर साऱ्या वस्तीचाच जीव टांगणीला लागतो, कारण अर्धवट सुटलेला, जखमी बिबट्या कोणत्या दिशेने जाईल हे कोणालाच सांगता येत नाही.

मृत प्राणी किंवा फास स्वतःच्या शेतात सापडला तर काय करावे, याविषयीही मोठी भीती आहे. ‘कळवायला गेलो तर आपल्यालाच गुंतवतील’ या भीतीने शेतकरी रातोरात खड्डा खणून प्राणी पुरून टाकतो, आणि अशा रीतीने खऱ्या गुन्हेगाराविरुद्धचा पुरावा नष्ट करून स्वतःला मात्र संशयाच्या जागी आणून ठेवतो. मारला गेलेला वन्यप्राणी ३९ व्या कलमानुसार शासनाची मालमत्ता असतो, आणि तो ज्याच्या ताब्यात येईल त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. हे कळवणाऱ्या शेतकऱ्याकडे आरोपी म्हणून न पाहता साक्षीदार म्हणून पाहिले जाईल, असा स्पष्ट संदेश वनखात्याने गावोगाव दिला, तर पुरलेले पुरावे जमिनीवर राहतील. मटण बोकडाचे आहे ही नेहमीची पळवाटसुद्धा आता बंद होऊ शकते. हैदराबादच्या सीसीएमबी (पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्र) सारख्या संस्थेत मांसाच्या तुकड्यातील डीएनएवरून प्राण्याची जात निश्चित करता येते. पण त्यासाठी तो तुकडा वेळेत, पंचनामा करून, सीलबंद स्थितीत पोहोचावा लागतो, आणि वेळेत पोहोचण्यासाठी तक्रार त्याच रात्री घेतली जावी लागते.

आपल्या जिल्ह्यात दोन ठिकाणी हा प्रश्न अधिक तीव्र आहे. येवला तालुक्यातील ममदापूर परिसरात काळविटांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. परंतु ते कळप दिवसा वनजमिनीवर आणि सायंकाळनंतर सभोवतालच्या शेतांत असतात, उन्हाळ्यात पाण्यासाठी तर वस्त्यांपर्यंत येतात. ज्या शेतकऱ्यांनी स्वतःचे कोवळे पीक त्यांच्या तोंडी जाताना पाहूनही त्यांना वर्षानुवर्षे सांभाळले, त्यांच्याच जमिनीवर त्या काळविटांना संरक्षण मिळत नसेल, तर राखीव क्षेत्राच्या सीमेला फारसा अर्थ राहत नाही. दुसरे ठिकाण निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील हे पाणथळ १९८६ पासून अभयारण्य आहे आणि २०१९ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलेले महाराष्ट्रातील ते पहिले स्थळ आहे. हिवाळ्यात तेथे येणारी बदके व करकोचे चाऱ्यासाठी आजूबाजूच्या शेतांत उतरतात, आणि जाळी लावणाऱ्यांना पाण्यापेक्षा ही शेतेच सोयीची पडतात. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्र परवानाधारकांनी मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणी करणे अधिनियमाच्या ३४ व्या कलमाने बंधनकारक आहे, आणि त्या परिघात नवा परवाना त्यांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. ही नोंदणी अद्ययावत करून पोलीस ठाण्यांना उपलब्ध करून दिली, तर निदान परवान्याच्या बंदुका कोणत्या घरांत आहेत हे रात्रीच्या गस्तीला ठाऊक राहील. पीक संरक्षणासाठी दिलेल्या ठासणीच्या बंदुका सध्या नेमक्या कोणाच्या खांद्यावर फिरतात, याची तपासणीही त्याच निमित्ताने व्हावी. छर्‍याच्या साध्या बंदुकीला परवाना लागत नसला, तरी तिने तितर पाडणे हा गुन्हाच आहे, हे शहरांतून सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या हौशी तरुणांना कोणीतरी सांगायला हवे.

शिकारी म्हटले की काही ठरावीक जमातींकडे बोट दाखवण्याची सवय आपल्या समाजाला आहे, आणि मला तिचा निषेध नोंदवायचा आहे. ज्या गाड्या मी आणि माझ्या शेजाऱ्यांनी पाहिल्या त्या लाखो रुपयांच्या होत्या, आणि त्यांतील माणसे फार्महाउसच्या मेजवानीसाठी निघालेली होती. पोटासाठी फासे लावणारेही आहेत आणि कायदा त्यांनाही लागू आहे. परंतु इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींवर जन्माने गुन्हेगार असा जो शिक्का मारला, तो कायदा १९५२ मध्ये रद्द होऊनही गावकुसाबाहेर पालांवर राहणाऱ्या या लोकांवरच पहिला संशय घेतला जातो. पश्चिमेकडील पेठ, सुरगाणा भागातील आदिवासींच्या परंपरागत शिकारीचा प्रश्न स्वतंत्र आहे. वनहक्क कायद्यानेही शिकारीचा हक्क दिलेला नाही, एवढेच येथे नमूद करतो.

या संशयाचे टोक कोठे जाते ते आपण जवळून पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. रात्री रानात अनोळखी माणूस दिसला, की आरडाओरडा करून गाव गोळा करण्याचा मोह होतो. एकदा गाव गोळा झाले, की त्याला आवरणारा कोणी नसतो. दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा डोळ्यांदेखत करणाऱ्याला पकडण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४० व्या कलमाने सामान्य नागरिकालाही आहे, आणि पकडल्यावर ६ तासांच्या आत त्याला पोलिसांकडे सोपवावे लागते. तरीही बंदूकधाऱ्यांच्या बाबतीत हा अधिकार वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. काठ्या घेऊन बंदुकीसमोर जाण्यात शौर्य नाही, आणि हाती सापडलेल्या निःशस्त्र साथीदाराला बांधून मारण्यात तर मुळीच नाही.

मग शेतकऱ्याने काय करावे? लांबूनच गाडीचा नंबर, वेळ आणि दिशा टिपावी. शक्य असल्यास मोबाइलवर ठिकाण व वेळ उमटेल असे छायाचित्र घ्यावे. ११२ या क्रमांकावर पोलिसांना आणि १९२६ या क्रमांकावर वनखात्याला, दोघांनाही, कळवावे. सकाळी रिकामी काडतुसे, रक्त, पिसे, फास जसेच्या तसे राहू द्यावेत, आणि पोलीस पाटलांच्या उपस्थितीत पंचनाम्याची मागणी करावी. तक्रार लेखीच द्यावी व पोच घ्यावी. पोलिसांनी दखल न घेतल्यास तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात आहे. त्याच कलमाने हद्दीचे कारण सांगून माहिती नोंदवण्यास नकार देता येत नाही. पाणंदीच्या तोंडाशी ‘विनापरवानगी प्रवेश व शिकार करण्यास मनाई’ असा फलक लावण्याची कायद्याने सक्ती नसली, तरी तो असलेला बरा. रस्ता चुकल्याची सबब त्यामुळे लंगडी पडते.

शेतकऱ्याने एवढे केल्यावर प्रशासनाकडून अपेक्षा आहे ती पुढीलप्रमाणे. नाशिक ग्रामीण पोलीस आणि जिल्ह्यातील वनविभाग यांनी मिळून एक लेखी कार्यपद्धती ठरवावी, जिच्यानुसार मालकीच्या शेतातील शिकारीची तक्रार ज्या कार्यालयात प्रथम येईल त्याच कार्यालयाने ती नोंदवून दुसऱ्याला त्याच रात्री कळवणे बंधनकारक राहील. अतिक्रमण आणि शस्त्रांचा गुन्हा पोलिसांनी, शिकारीचा गुन्हा वनखात्याने नोंदवावा, पण त्यासाठी शेतकऱ्याला दोन वेळा दोन ठिकाणी जावे लागू नये. दिवाळी ते होळी या काळात, विशेषतः अमावास्येच्या आगेमागे, दोन्ही खात्यांची संयुक्त गस्त असावी. ग्रामसुरक्षा यंत्रणेसारखी, एका फोनवर गावभर संदेश पोहोचवणारी जी सोय चोऱ्यांसाठी वापरली जाते, तिच्यात शिकाऱ्यांच्या हालचालींचाही समावेश करावा. मात्र संदेशात ‘घराबाहेर पडू नका, नंबर टिपा’ असे स्पष्ट सांगितलेले असावे. गावातील जैवविविधता व्यवस्थापन समित्या बहुतेक ठिकाणी नोंदवही भरण्यापुरत्याच उरल्या आहेत. फासे आणि जाळी शोधून काढण्यासाठी वनरक्षकासोबत दिवसा फेरी मारण्याचे काम त्यांना देता येईल.

आमच्या गावापुरते सांगायचे, तर आपापल्या गटांत शिकारीसाठी कोणालाही प्रवेशाची परवानगी नसल्याचे शेतकऱ्यांचे सह्यांसह निवेदन आम्ही तयार केले असून ते ग्रामसभेच्या ठरावाला जोडून पोलीस ठाणे आणि वनपरिक्षेत्र कार्यालय या दोन्ही ठिकाणी देणार आहोत. दोन्ही कार्यालयांनी या निवेदनाची लेखी पोच द्यावी, आणि यापुढे आमच्या शिवारातून आलेल्या तक्रारीवर ‘जागा मालकीची आहे’ किंवा ‘प्राणी वनखात्याचा आहे’ यांपैकी कोणतेही उत्तर देऊ नये, अशी विनंती मी आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून करीत आहे. इतर गावांनीही असेच ठराव करून आपले अनुभव आपल्याकडे कळवल्यास, जिल्हा पातळीवरील कार्यपद्धतीची मागणी करणे सोपे जाईल.

आपला विश्वासू,
एक शेतकरी वाचक,
नाशिक जिल्हा (पूर्व भाग)